घराला कुंपण घालताना: गोव्यातील घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात नवे घर बांधलेले, वडिलोपार्जित भाटात (बागायती जमिनीत) वाटणी झालेले किंवा नुकताच प्लॉट घेतलेले लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘चिरे बरे की जाळी?’ तो रास्तच आहे. पण गोव्यात कुंपण बिघडते ते बहुतेक वेळा सामानामुळे नव्हे. हद्द नीट ठरलेली नसते, नाहीतर पाण्याची वाट कोणी पाहिलेली नसते. म्हणून इथे हद्द आणि पाणी आधी घेतले आहे.

सुरुवात कुठून करावी?

कागदांपासून. एक-चौदाचा उतारा (जमिनीवरच्या हक्कांची नोंद) आणि सर्व्हे प्लॅन काढा. उताऱ्यात तुमच्या नावाबरोबर आणखी कोणाची नावे आहेत, कुळाच्या रकान्यात कोणी आहे का आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिले आहे, हे तिन्ही वाचा. गोव्यात कित्येक जमिनी अजून सामायिक आहेत. आजोबांच्या नावावरचा उतारा तसाच असतो आणि चार काका-आत्यांची मुले मुंबई-पुण्याकडे किंवा परदेशात असतात. कुंपण घालायला सगळ्यांनी समोर उभे राहायला नको, पण त्यांची लेखी संमती असलेली बरी. नाहीतर काम अर्ध्यावर असताना नोटीस येते आणि कंत्राटदार सामान तिथेच टाकून दुसऱ्या साइटवर निघून जातो.

जमिनीत मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे, घर असेल तर १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्याला हक्क दिलेले आहेत. त्याची ये-जा, त्याचे पाणी आणि घराभोवतीची त्याची जागा बंद होईल असे कुंपण घालता येत नाही.

त्यानंतर सीमांकन. प्लॅनवरची रेघ जमिनीवर नेमकी कुठे येते, हे फणसाचे झाड किंवा जुना गडगा (दगडी बांध) पाहून ठरवू नका. सर्व्हे खात्याकडे अर्ज करा. शेजाऱ्यांना नोटीस जाते, मोजणी होते आणि सीमादगड बसतात. यात वेळ जातो, म्हणून पावसाळ्यातच अर्ज टाकून ठेवा.

परवानगी लागते का? आमच्या वाड्यावर तर कोणीच घेत नाही.

पक्क्या भिंतीला लागते. गावात पंचायतीची, शहरात पालिकेची. गोव्यात बांधकामासाठी २०१० ची जमीन विकास व इमारत बांधकाम नियमावली लागू आहे. रस्त्याच्या बाजूची भिंत किती उंच असावी, तिचा किती भाग बंद असावा, कोपऱ्यावरच्या प्लॉटला वळणावर नजर पोहोचावी म्हणून काय करावे, हे त्यावरून ठरते. तुमच्या रस्त्याला काय लागू होते ते पंचायतीतून लेखी घ्या. शेजाऱ्याने सहा फूट भिंत बांधली, एवढ्यावरून ती नियमात आहे असे समजू नका. रस्ता रुंद होणार असेल तर मधल्या रेषेपासून किती अंतर सोडायचे तेही तेव्हाच विचारा.

समुद्रकिनारा, खाडी, किंवा भरती-ओहोटीचे पाणी पोहोचते असा मांडवी, झुवारी, शापोरा, तेरेखोल, साळ या नद्यांचा काठ असेल तर सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) नियम येतात आणि किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाकडे विचारणा करावी लागते. खाजन जमिनीत (भरतीचे पाणी बांधाने अडवून केलेल्या सखल शेतात) तर पक्की भिंत मनातही आणू नका. तिथले बांध आणि मानशी (पाण्याची दारे) यांच्यावर आजूबाजूची सगळी शेती अवलंबून असते.

हद्दीवरचे झाड आड येत असेल तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी घ्या. बहुतेक ठिकाणी झाड न तोडता कुंपण दोन हात वळवता येते, आणि तेच करावे असे माझे ठाम मत आहे.

आमच्या जागेतून लोकांची जुनी पायवाट जाते. ती बंद करता येईल का?

माझे उत्तर, करू नका. आधी कायद्याची बाजू. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने वापरलेल्या वाटेवर हक्क निर्माण होऊ शकतो. वाट किंवा पाण्याचा प्रवाह अडवला तर १९६६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली मामलेदाराकडे दाद मागता येते. अशा दाव्यात बांधलेली भिंत पाडावी लागल्याची उदाहरणे गावोगाव सापडतील.

पण कायद्यापलीकडेही एक गोष्ट आहे. ती वाट विहिरीकडे, देवळाकडे, शेताकडे किंवा स्मशानाकडे जाते. पावसात डोक्यावर भारा घेऊन येणारी बाई त्या वाटेने जाते. गेल्या काही वर्षांत मोठमोठे बंगले उभे राहिले, त्यांच्याभोवती उंच भिंती आल्या आणि वाड्यावाड्यांतल्या वाटा तुटल्या. यातून झालेले दुखणे मिटत नाही, एका घराशी बोलणे बंद झाले की पुढची पिढीही बोलत नाही. चार फूट जागा सोडा आणि कुंपण आतून घ्या. किंवा एक छोटे फाटक ठेवा, आतून कडी असली तरी बाहेरूनही उघडता येईल असे.

हद्दीवर राखणदाराची (गाव राखणाऱ्या देवाची) जागा असेल, वर्षातून एकदा तिथे रोट (भाकरीचा नैवेद्य) ठेवला जात असेल, किंवा रस्त्याकडेला जुना खुरीस (क्रूस) असेल, तर ती जागा कुंपणाबाहेर ठेवा. आत घेणेच भाग असेल तर गावातल्या जाणत्यांशी आधी बोला. हे कोणत्याही नियमावलीत सापडणार नाही.

पाण्याचे काय पाहायचे?

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घाटाच्या पायथ्याशी, सत्तरी-सांगे भागात त्याहून जास्त. एवढे पाणी तुमच्या जागेत वरून येते आणि खाली जाते. त्याच्या आडवी सलग भिंत घातली तर मागे तळे साचते, भिजलेल्या मातीचा दाब वाढतो आणि भिंत बाहेर झुकते. भिंत पडली की लोक सिमेंट कमी पडल्याचे बोलतात, पण तुम्ही पाहिलेत तर बहुधा पाण्याला वाट नव्हती असेच दिसेल.

म्हणून एक पावसाळा जागा बघा. जोराच्या सरीत छत्री घेऊन फिरा आणि पाणी कुठून शिरते, कुठे थांबते, कुठून बाहेर पडते हे मोबाइलमध्ये टिपून ठेवा. नवा प्लॉट असेल तर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्याला पावसाळी वहाळ कुठून वाहायचा हे तोंडपाठ असते. त्या जागी भिंतीत मोठे मोकळे तोंड, मोरी किंवा नुसती जाळी ठेवा. उताराला आडव्या भिंतीत पाणी झिरपायची भोके, म्हणजे पाइपाचे तुकडे, दीड-दोन मीटरवर ठेवा. मागच्या बाजूला त्यांच्या तोंडाशी खडी भरा, नाहीतर मातीने ती पहिल्याच वर्षी बुजतात.

चिऱ्याची भिंत बरी की जाळी?

जागा कुठे आहे आणि कुंपण कशासाठी हवे, यावर आहे. रस्त्याच्या बाजूला, धूळ आणि आवाज थोपवायला, गाड्यांच्या दिव्यांपासून आडोसा हवा असेल तर चिऱ्याची बुटकी भिंत आणि वर जाळी किंवा ग्रील हे मला सर्वांत पटणारे काम. नजर मोकळी राहते, वारा मोकळा राहतो आणि भिंतीचे वजन कमी. मागच्या बाजूला, बागायतीकडे, ओढ्याकडे, उघडी जाळी किंवा जिवंत वई (झाडांचे कुंपण).

चारही बाजूंनी उंच, बंद भिंत घरात सुरक्षित वाटते खरी, पण ती वारा अडवते. आपल्या दमट हवेत तो वाराच तर हवा. शिवाय चोर एकदा आत आला की बाहेरून कोणाला दिसत नाही. पत्र्याचे बंद कुंपण मात्र अजिबात नको. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा किती झाडे आणि पत्रे गेले ते सर्वांना आठवत असेल. बंद पत्रा वाऱ्याला सगळे अंग देतो.

चिरे पारखावेत कसे?

चिरा म्हणजे जांभा दगड. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की घट्ट होत जातो. म्हणून ताजा कापलेला, ओला चिरा थेट भिंतीत नको, काही आठवडे थप्पी लावून सुकू द्या. रंग एकसारखा लाल-तपकिरी हवा. पांढरट-पिवळसर मातीचे मोठे खळगे असतील तर तो चिरा पावसात झिजणार. दोन चिरे एकमेकांवर आपटून पाहा, खणखणीत आवाज आला तर बरा, ‘भद्द’ आवाज आला तर बाजूला टाका. गोव्यात येणारा बराच चिरा सिंधुदुर्गातून येतो आणि गाडीगाडीला माप आणि प्रत बदलते. पहिल्या गाडीच्या नमुन्यावर सौदा ठरला तरी प्रत्येक गाडी उतरताना कोणीतरी टेप घेऊन उभे राहावे.

चिरा उघडा ठेवावा की गिलावा करावा?

उघडा चिरा देखणा दिसतो, म्हणून सध्या तोच मागितला जातो. पण जांभा सच्छिद्र असतो. जुन्या गोव्यातील बॉम जेझस बासिलिकेचा बाहेरचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यावर काढला गेला आणि आता पावसाने तो दगड झिजतो आहे म्हणून गिलावा परत करावा की नाही हा वाद वर्षानुवर्षे चालला आहे. आपल्या कंपाउंडला तेवढी काळजी नको, पण एक गोष्ट त्यातून घ्यावी, की पाणी वरून आत शिरता कामा नये. भिंतीच्या डोक्यावर सिमेंटचे, दोन्ही बाजूंना थोडे बाहेर आलेले आणि उताराचे छप्पर घ्या, खालून त्याला पाणी तुटायची खाच ठेवा. सांधे पूर्ण भरून घ्या. हे नीट झाले तर उघडा चिरा वर्षानुवर्षे टिकतो.

पाया कठीण जमिनीपर्यंत जायला हवा. पायाची रुंदी भिंतीपेक्षा जास्त असते, म्हणून भिंत हद्दीच्या रेघेवर घेतली तर पाया शेजाऱ्याच्या जमिनीत जातो. रेघ आखतानाच तेवढे आत सरका.

जाळी घेताना गेज म्हणजे काय बघायचे?

इथे लोक सर्वांत जास्त फसतात, म्हणून जरा सविस्तर. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. ८ गेजची तार सुमारे ४ मिलिमीटर, १० गेजची ३.२५, आणि १२ गेजची २.६४ मिलिमीटर. एकाच भोकाच्या जाळीत १२ गेजपेक्षा १० गेजमध्ये साधारण दीडपट लोखंड जाते. म्हणजे दोन कंत्राटदारांचे चौरस फुटाचे दर सारखे दिसले तरी एक जण तुम्हाला दोन तृतीयांशच लोखंड देत असू शकतो. घरासाठी दोन इंची भोकाची १० गेजची जाळी बरी.

दुसरे, जस्ताचा थर. दुकानात सगळी जाळी चकचकीत दिसते, पण थर पातळ असेल तर दोन पावसाळ्यांत तांबेरा चढतो. जाळीवर भारतीय मानक २७२१ चा उल्लेख आहे का, जस्ताचा थर किती ग्रॅम आहे, हे बिलावर लिहून मागा. घरून छोटे कॅलिपर नेऊन तार मोजा, दुकानदार रागावला तर दुसरे दुकान आहे. प्लास्टिक चढवलेल्या जाळीत आतली तार किती, हे वेगळे विचारा. वरचा थर धरून माप सांगायची पद्धत आहे.

खांब साधारण अडीच ते तीन मीटरवर. कोपऱ्यांना आणि फाटकाशी तिरका टेका हवाच, नाहीतर जाळी ताणली की खांब आत झुकतात. अँगल किंवा पाइप कापल्यावर आणि वेल्डिंग केल्यावर तिथले जस्त जळते. त्या प्रत्येक जागी जस्तयुक्त रंग लावून घ्या. गंज तिथूनच सुरू होतो.

आमचे घर समुद्राजवळ आहे. लोखंड टिकत नाही.

मोरजी, मांद्रे, हरमल किंवा दक्षिणेकडे बाणावली, कोळवा, या किनारपट्टीत खारे वारे साधे लोखंड फार लवकर खातात. स्टेनलेस स्टील लावणार असाल तर ३१६ प्रतीचे घ्या. त्यात मॉलिब्डेनम असते, त्यामुळे ते मिठाला तोंड देते. ३०४ प्रतीवर काही महिन्यांतच तपकिरी डाग दिसू लागतात, आणि दुकानदार ‘स्टेनलेसच आहे’ एवढेच सांगून बहुधा तेच देतो. पावडर कोटिंगचे ॲल्युमिनियम चांगले चालते, पण लोखंडी स्क्रूने जोडले तर जोडाशीच झिजते. सिमेंटचे खांब घेत असाल तर खारी रेती वापरलेली नाही ना, हे पाहा. आतली सळई फुगते आणि खांब उभा फुटतो. सगळ्यांत स्वस्त आणि टिकाऊ उत्तर मात्र चिऱ्याची बुटकी भिंत आणि तिच्या मागे झाडांची वई हेच.

भिंतीवर काचा किंवा काटेरी तार लावावी का?

काचा नकोत. मुले, मांजरे, माडावर चढणारा माणूस, सगळ्यांनाच धोका. काटेरी तार लागलीच तर उंचावर आणि आतल्या बाजूला लावा.

तयार सिमेंटच्या फळ्यांचे कंपाउंड कसे?

झटपट होते, खर्च आटोक्यात राहतो. सपाट जागेसाठी ठीक. उतारावर पायऱ्या पाडाव्या लागतात आणि खाली राहिलेल्या फटीतून कुत्रे-डुकरे शिरतात. पाणी ज्या बाजूने येते तिथे लावू नका.

झाडांचे कुंपण करता येईल का?

करावेच. आपल्याकडची ही सर्वांत जुनी पद्धत आणि मला वाटते ती पुन्हा वापरात यायला हवी. गिरिपुष्पाच्या जाड फांद्या पावसाच्या तोंडावर ओळीने रोवल्या की फुटतात, छाटलेला पाला माडाला खत होतो. पांगाराही असाच फांदीने लागतो. निर्गुडी आणि अडुळसा गुरे सहसा खात नाहीत. करवंदीची जाळी दाट आणि काटेरी, वर मे महिन्यात मुलांना करवंदे. मेंदी आणि जास्वंद घराच्या पुढच्या बाजूला शोभतात.

जिवंत कुंपण उभे राहायला दोन-तीन पावसाळे लागतात. तोवर आत साधी जाळी किंवा बांबूचा आधार द्या. मात्र जाळी थेट माडाला किंवा फणसाला खिळ्यांनी ठोकू नका. जखमेतून कीड शिरते आणि पुढे कधी खोड कापायची वेळ आली तर तो खिळा करवतवाल्याच्या जिवावर बेतू शकतो.

रानडुकरे आणि गवे येतात. करंट सोडता येईल का?

घरातल्या विजेची तार कुंपणाला जोडणे हा गुन्हा आहे आणि त्याने माणसे मरतात. शेजाऱ्याचा मुलगा, तुमचेच जनावर, रात्री वाट चुकलेला कोणी. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी आहे, त्याला मारल्यास १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. सौर कुंपण ही वेगळी गोष्ट. त्यातल्या यंत्रातून क्षणभराचे, मोजलेले झटके येतात, जनावर दचकते आणि परत फिरते. ते प्रमाणित यंत्रावरच, जागोजागी फलक लावून बसवावे. शेतजमीन असेल तर कुंपणासाठी कृषी खात्याच्या योजना असतात. तुमच्या भागातल्या विभागीय कृषी कार्यालयात जाऊन, काम सुरू करण्याआधी विचारा, कारण काम झाल्यावर अर्ज केल्यास बहुधा उपयोग होत नाही.

माकडांना कोणतेच कुंपण अडवत नाही. त्यासाठी खर्च करू नका.

कंत्राटदार कसा निवडावा?

फोनवरचे फोटो पाहून नव्हे. त्याने किमान दोन पावसाळे आधी केलेले काम दाखवायला सांगा आणि तिथे स्वतः जा. कालच्या कामावर रंग ताजा असतो, त्यातून काहीच कळत नाही. जुन्या कामावर खांब सरळ आहेत का, वेल्डिंगशी गंज आहे का, भिंतीला उभ्या भेगा आहेत का ते पाहा. घरमालकाला एवढेच विचारा, ‘तक्रार सांगितल्यावर तो आला का?’

तुमच्या जागेवर येऊन मगच दर सांगणारा माणूस निवडा. कातळावर खांबाचे खड्डे ब्रेकरने काढावे लागतात, पांढऱ्या भुसभुशीत मातीत ते खोल घ्यावे लागतात. न पाहता दर देणारा नंतर ‘जादा काम’ म्हणून पैसे मागणारच. आणि गवंडी, मेस्त आणि वेल्डर त्याचे स्वतःचे आहेत की काम पुढे दुसऱ्याला देणार आहे, हे विचारून ठेवा.

दोन कोटेशनची तुलना कशी करायची?

दोघांना एकच कागद द्या. समजा २० बाय २५ मीटरचा, ५०० चौरस मीटरचा प्लॉट आहे. परीघ ९० मीटर. त्यातून साडेतीन मीटरचे फाटक वजा केले की राहतात साडेशहाऐंशी मीटर. तीन मीटरवर खांब धरले तर साधारण तीस खांब, पाच फूट उंच जाळी सुमारे १४२० चौरस फूट. हे आकडे तुम्ही आधी काढून ठेवले की कोणी ‘पस्तीस-चाळीस खांब लागतील’ म्हटले तर कारण विचारता येते. कारण खरे असू शकते, उतार असला की खांब वाढतातच. पण विचारा.

एक जण रनिंग मीटरने आणि दुसरा चौरस फुटाने दर देत असेल तर दोन्ही एका मापात आणा. वाहतूक, खड्ड्याचे काँक्रीट, टेके, फाटक, रंग, राडारोडा उचलणे आणि कर यांतले काय दरात धरले आहे, हे ओळीओळीने लिहून घ्या.

करारात काय लिहावे आणि पैसे कसे द्यावेत?

साध्या कागदावर, दोघांच्या सहीने चालते, पण आकडे हवेत. ‘चांगल्या प्रतीची जाळी’ याचा काही अर्थ नाही. ‘१० गेज, ५० मिलिमीटर भोक, खांब ५० बाय ५० बाय ६ अँगल, जमिनीत दोन फूट, काँक्रीट एकास दोन चार (सिमेंट, रेती, खडी)’ याचा आहे. कामाची मुदत, पाण्याची आणि विजेची सोय कोणाची, मजुराला इजा झाली तर जबाबदारी कोणाची, हेही लिहा.

पूर्ण पैसे आधी कधीच देऊ नका. सामान जागेवर उतरल्यावर एक हप्ता, खांब उभे राहून काँक्रीट पक्के झाल्यावर दुसरा, जाळी ताणून झाल्यावर तिसरा. साधारण दहावा हिस्सा पहिल्या मोठ्या पावसानंतर द्यायचा असे आधीच ठरवा. चांगला कंत्राटदार याला कुरकुरत का होईना, कबूल होतो. मजुरांची मजुरी मात्र अडवू नका. त्या माणसांचा तुमच्या-कंत्राटदाराच्या वादाशी संबंध नाही.

काम कोणत्या महिन्यात काढावे?

चतुर्थी-दिवाळी झाली की. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसात चिरेखाणी पाण्याने भरतात आणि माती ओली असते, तर मे महिन्यात जो तो घाईत असतो, दर चढतात आणि काँक्रीटला पाणी मारायला विहिरीत पाणी नसते. सिमेंटच्या कामाला निदान सात ते दहा दिवस पाणी मारायचे आहे, हे विसरू नका. झाडांची वई लावायची तर तेवढी मात्र जूनच्या पहिल्या पावसात.

शेजाऱ्याने अर्धा खर्च द्यावा का?

भिंत तुमच्या हद्दीत असेल तर खर्च तुमचा आणि भिंतही तुमची. दोघांच्या मधोमध घ्यायची असेल तर खर्च, दुरुस्ती आणि मालकी तिन्ही कागदावर आणा. तोंडी ठरलेले पुढच्या पिढीला ठाऊक नसते. खड्डा मारण्याआधी एकदा त्यांच्या घरी जाऊन आखणीची दोरी दाखवा.

नंतर देखभाल काय करायची?

मे महिन्याच्या शेवटी एक फेरी. पाणी जाण्याची भोके आणि मोऱ्या साफ करा, सरकत्या फाटकाच्या रुळातली माती काढा, गंजाचा ठिपका दिसेल तिथे घासून प्रायमर लावा, जाळीवर चढलेले वेल कापा. वेलांत पाणी साचते आणि वाऱ्यात त्यांचे वजन सगळ्या कुंपणाला ओढते. चिऱ्यावरचे शेवाळ पाण्याच्या जोराने उडवू नका, सांध्यातला चुना-सिमेंट सुटतो. सुके झाल्यावर ब्रशने काढा. ऑक्टोबरमध्ये पुन्हा एक फेरी घ्या. नव्या भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलने तारीख लिहून ठेवा, पुढच्या वर्षी भेग वाढली का ते कळते, आणि वाढली असेल तर गवंड्याला पावसाआधी बोलवायचे.